लहान मुलांना घेऊन उन्हाळ्यात थीम पार्कला जाताना : खानदेशातील पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घरात दोन वर्षांपासून आठ वर्षांपर्यंतची मुले एकत्र जमतात आणि दोन दिवसांत कोणीतरी थीम पार्कचा विषय काढतेच. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा, नंदुरबार येथील पालकांकडून दर उन्हाळ्यात साधारणपणे तेच प्रश्न येत असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एका उत्तरातील माहिती दुसऱ्यात पुन्हा देण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उत्तरे मुख्यतः आठ वर्षांखालील मुलांसाठी आहेत.

१. आम्ही ४४-४५ अंशांत वाढलेली माणसे आहोत. इमॅजिका पार्क आहे त्या खोपोलीकडे तर पारा बहुतेक दिवशी चाळिशीच्या खालीच असतो. मग आमच्या मुलांना तिथले ऊन कसे बाधणार?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि बेत फसण्याचे कारणही बहुधा त्यातच असते. खानदेशातील उन्हाळा कोरडा असतो. घाम अंगावर येताच उडून जातो आणि उडताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. वाळ्याचे ताटवे लावलेला कूलर जळगावात खोली गार करतो, तोही याच तत्त्वावर. घाट उतरून कोकणाच्या बाजूला गेल्यावर हवेत इतका दमटपणा असतो की घाम उडत नाही, नुसता ओघळतो. कपडे भिजतात, पण अंग थंड होत नाही. त्यामुळे तेथील ३६ अंश शरीराला आपल्याकडील त्याच आकड्यापेक्षा बरेच जड जातात, आणि आकडा कमी दिसल्यामुळे माणूस बेसावध राहतो, हे वेगळेच.

दुसरे असे की, उन्हाची सवय रक्तातून येत नाही. रोज थोडे थोडे उन्हात वावरल्यावर शरीराला ती लागण्यास साधारण एक ते दोन आठवडे जातात. एप्रिलपासून दुपारभर कूलरसमोर किंवा एसीत बसलेल्या मुलाला, त्याचा जन्म भुसावळचा असला तरी, ही सवय नसते. शिवाय लहान मुलाचे वजन कमी आणि वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, त्यामुळे बाहेरची उष्णता त्याच्या शरीरात लवकर शिरते. त्यातच त्याला मोठ्यांपेक्षा घामही कमी येतो. आणखी एक गोष्ट अशी की, खानदेशातील माणूस मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळेत सहसा घराबाहेर पडत नाही. थीम पार्कमध्ये मात्र तिकिटाचे पैसे वसूल करण्याच्या नादात तोच माणूस नेमकी ही वेळ रांगेत उभे राहून काढतो.

२. जायचेच असेल तर कोणते दिवस बरे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शाळेच्या सुटीमुळे उन्हाळ्याशिवाय पर्याय नसेल, तर आखाजीच्या आसपासचे दिवस आणि शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधला वार निवडावा, कारण गर्दी वाढली की उन्हातील रांगही वाढते. निघण्याच्या आदल्या दिवशी जेथे जायचे त्या जिल्ह्याचा हवामान खात्याचा इशारा पाहावा. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असेल, किंवा थेट ४५ अंशांवर गेले असेल, तर हवामान खाते उष्णतेची लाट मानते; किनारपट्टीसाठी मात्र ही मर्यादा ३७ अंशांपासूनच सुरू होते. नारिंगी किंवा लाल इशारा असल्यास लहान मुलांना घेऊन निघू नये. आगाऊ काढलेल्या तिकिटाची तारीख बदलता येते का, हे म्हणूनच तिकीट काढण्यापूर्वी विचारून ठेवावे.

३. मूल किती वर्षांचे असावे?

वयापेक्षा उंची महत्त्वाची आहे. बहुतेक पार्कमध्ये तिकिटाचा दरही उंचीवर ठरतो आणि कोणत्या राइडमध्ये बसू द्यायचे तेही उंचीवरच ठरते. घरी भिंतीला टेकवून, चप्पल काढून मुलाची उंची मोजावी आणि संकेतस्थळावरील यादीशी ताडून पाहावी. तीन वर्षांच्या मुलाला बसता येतील अशा राइड हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या, तर चारशे किलोमीटरचा प्रवास कोणासाठी करायचा, हे मोठ्यांनी प्रामाणिकपणे ठरवावे. सहा महिन्यांखालील बाळाला उन्हाळ्यात थीम पार्कला नेऊच नये. त्या वयात सनस्क्रीनही लावू नये असे सांगितले जाते, घाम येण्याची यंत्रणा पुरती तयार नसते आणि बाळाला सावलीत सांभाळण्यासाठी घरातील एका व्यक्तीला, म्हणजे बहुधा आईला, दिवसभर अडकून पडावे लागते.

४. कोरडा पार्क बरा की वॉटर पार्क?

उन्हाळ्यात आठ वर्षांखालील मुलांसाठी वॉटर पार्क बरा, पण त्याचा एक फसवा भाग ध्यानात ठेवावा. पाण्यात खेळणाऱ्या मुलाला घाम आलेला दिसत नाही आणि तहानही जाणवत नाही. तरीही ऊन लागतेच, कारण पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारे किरणही त्वचेवर पडतात. दर अर्ध्या तासाने मुलाला पाण्याबाहेर काढून सावलीत बसवावे आणि पाणी पाजावे. जवळच्या फरशीवर अनवाणी चालताना पाय पोळतात, म्हणून रबरी चपला हाताशी ठेवाव्यात. लहान मुलांच्या उथळ कुंडातही मूल हाताच्या अंतरावर असावे. जीवरक्षक हजर आहे म्हणून मोबाइलमध्ये डोके घालू नये.

५. खानदेशातून जवळचे ठिकाण कोणते आणि प्रवास कसा करावा?

धुळ्याहून नाशिक सुमारे दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर आहे आणि नाशिक परिसरात वॉटर पार्क आहेत. नंदुरबारकरांना उधना-जळगाव रेल्वेमार्गाने सुरत जवळ पडते, तर शिरपूरकडील लोक आग्रा रोडने इंदूरला जातात. तरीही, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली सुरू झाल्यापासून मुलांचा हट्ट बहुधा त्याचाच असतो आणि जळगावहून ते सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे.

अंतर मोठे असेल तर रात्रभर गाडी चालवून सकाळी थेट पार्कच्या दारात उभे राहण्याचा बेत करू नये. अर्धवट झोपलेले, गाडी लागून उलट्या केलेले मूल आधीच शरीरातील पाणी गमावून बसलेले असते. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोहोचून मुक्काम करणे खर्चिक वाटते, पण सर्वाधिक फरक त्यानेच पडतो. रेल्वेने भुसावळ किंवा जळगावहून कल्याणला उतरून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल मिळते. लहान मुले असतील तर मात्र कल्याणची सकाळची गर्दी टाळता येईल अशीच गाडी निवडावी.

६. पार्कमधील दिवसाचे वेळापत्रक कसे असावे?

पार्कचे दार सहसा सकाळी दहा-साडेदहाला उघडते, म्हणजे आपल्या हिशेबाने ऊन चढल्यावरच. त्यामुळे दार उघडण्याच्या वेळी तेथे असावे आणि उघड्यावरच्या, मुलांना सर्वाधिक आवडणाऱ्या दोन-तीन राइड पहिल्या दीड तासात उरकून घ्याव्यात. बारानंतर छताखालील राइड, वातानुकूलित खेळ, जेवण आणि शक्य असल्यास झोप. लहान मूल दुपारी घरी झोपत असेल, तर पार्कमध्येही त्याला झोपू द्यावे. बाबागाडी घेतली असल्यास तिच्यावर ओढणी किंवा चादर पूर्ण झाकू नये, कारण आतली हवा कोंडून बाहेरपेक्षा गरम होते. चारनंतर पुन्हा बाहेर पडावे. पार्कमधील संध्याकाळची मिरवणूक (परेड) पाहायची असेल तर दुपारची ही विश्रांती टाळू नये. आमच्याकडील पाच वर्षांची भाची दुपारभर रांगेत उभी राहिली आणि जिच्यासाठी आली होती ती मिरवणूक सुरू झाली तेव्हा काकांच्या खांद्यावर गाढ झोपलेली होती.

रांगेत एकाने उभे राहावे आणि दुसऱ्याने मुलांना सावलीत बसवावे. पार्कच्या नियमात हे बसते का, हे दारावरील कर्मचाऱ्यास आधी विचारावे. उन्हात तापलेली लोखंडी दांडी आणि रेक्झिनची बैठक मुलाला बसवण्यापूर्वी स्वतःच्या हाताने पाहावी.

७. पाणी किती पाजावे, आणि ओआरएस द्यावे का?

मूल मागेल तेव्हा, हा हिशेब पार्कमध्ये चालत नाही, कारण खेळात दंग झालेले मूल मागत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच मोठे घोट पाजावेत. पुरेसे पाणी जात आहे की नाही, हे लघवीवरून कळते: फिकट रंगाची आणि तीन-चार तासांतून एकदा होत असेल तर ठीक. सकाळी झाली आणि दुपारी तीनपर्यंत झालीच नाही, किंवा गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडते आहे. पार्कमधील शौचालयाच्या रांगेला कंटाळून मुलांना कमी पाणी देण्याची सवय काही घरांत आहे. ती घातक आहे.

साध्या घामासाठी साधे पाणी, ताक किंवा मीठ घातलेले लिंबू सरबत पुरते. जुलाब, उलट्या किंवा खूप घाम जाऊन मूल मलूल झाले असेल तर ओआरएस द्यावे. पुडीवर जितके पाणी लिहिले असेल तितक्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात टाकल्यास मिठाचे प्रमाण धोकादायक होते. पुडी नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण नेमके पाळावे. दुकानात ओआरएस म्हणून मिळणाऱ्या गोड, फळांच्या चवीच्या पेयांच्या खोक्यांवर विसंबू नये. त्यांत साखर फार असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे.

८. पाच महिन्यांचे बाळ घरी ठेवता येत नाही. उन्हात त्याला पाणी पाजावे का?

नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधातच बाळाला पुरेसे पाणी मिळते, उन्हाळ्यातही. बाळाला अधिक वेळा अंगावर पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. शक्य असेल तर आई आणि बाळ मुक्कामाच्या खोलीवर थांबावेत (प्रश्न ३ पाहावा).

९. खाण्याचे काय? पार्कमध्ये बाहेरचे खाणे नेऊ देत नाहीत.

बहुतेक ठिकाणी बंदी असते, पण तान्ह्या मुलांचे अन्न आणि औषधे यांना सवलत असते. तरीही दूरध्वनी करून खात्री करावी. प्रवासासाठी दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या उत्तम. त्या टिकतात, तहान वाढवत नाहीत आणि मुलांना नुसत्या गुळासोबतही चालतात. केळी घरचीच असतात, पण बंद गाडीत ती दोन तासांत काळी पडतात, म्हणून वरच्या पिशवीत, मोकळ्या हवेत ठेवावीत. आदल्या रात्री हॉटेलात शेवभाजीवर ताव मारू नये. तिखट आणि तेलकट खाऊन दुसऱ्या दिवशी गोल फिरणाऱ्या राइडमध्ये बसलेल्या मुलाचे काय होते, हे सांगण्याची गरज नाही. पार्कबाहेरचा गोळा, कापून ठेवलेले कलिंगड आणि उघडे सरबत टाळावे, कारण बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे कळत नाही. जेवणानंतर किमान तासभर जोरात फिरणारी राइड नको.

१०. कपडे कोणते घालावेत?

कोरड्या पार्कमध्ये सैल, फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि मान झाकणारी टोपी. वॉटर पार्कमध्ये बहुधा नायलॉनचा पोशाखच सक्तीचा असतो आणि सुती कपड्यांना पाण्यात परवानगी नसते. तेथे पूर्ण बाह्यांचा पोशाख विकत घ्यावा, म्हणजे सनस्क्रीन कमी लागते. एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन उन्हात जाण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावून दर दोन तासांनी, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे.

आपल्याकडे डोक्याला ओला पंचा गुंडाळतात. कोरड्या हवेत तो चांगला उपाय आहे. दमट हवेत त्याचा उपयोग कमी होतो, कारण पंचा वाळतच नाही. तेथे ओल्या पंच्याला पंख्याच्या वाऱ्याची जोड द्यावी लागते.

११. मुलाच्या खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही, असे आजी म्हणतात. खरे आहे का?

खिशातील कांद्याने शरीराचे तापमान उतरत नाही. आजींचा मान राखण्यासाठी ठेवला तरी नुकसान नाही, मात्र कांदा आहे म्हणून पाणी आणि सावली यांत कसूर होऊ नये. तोच कांदा जेवणात कैरीसोबत खाल्ला तर निदान थोडे पाणी आणि क्षार पोटात जातात.

१२. ऊन लागले हे कसे ओळखावे, आणि पार्कमध्येच तसे झाले तर काय करावे?

सुरुवात साधी असते: मूल चिडचिड करते, राइडला नको म्हणते, डोके दुखते, मळमळते, पोटऱ्यांत गोळे येतात, त्वचा घामाने चिकट होते. या टप्प्यावर लगेच सावलीत किंवा वातानुकूलित जागेत नेऊन कपडे सैल करावेत, अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घालावा आणि घोटघोट पाणी किंवा ओआरएस पाजावे. अर्ध्या तासात मूल खुलले, तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात नेऊ नये. न खुलल्यास पार्कमधील प्रथमोपचार केंद्रात जावे. ते कोठे आहे, हे सकाळी आत शिरतानाच नकाशावर पाहून ठेवावे.

मूल असंबद्ध बोलू लागले, झोक जाऊ लागला, हाक मारल्यास नीट प्रतिसाद देईना, झटका आला किंवा अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान ४० अंशांवर गेलेले असते आणि प्रत्येक मिनिट मोलाचे असते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येण्याची वाट न पाहता अंग थंड करणे सुरू करावे: कपडे काढून अंगावर पाणी ओतत राहावे, जोरात वारा घालावा, मान, काखा आणि जांघा येथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. पॅरासिटामॉल देऊ नये. ते जंतुसंसर्गाच्या तापावरचे औषध आहे, उन्हाने चढलेली उष्णता त्याने उतरत नाही. घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही, असेही मानू नये. खेळून दमलेल्या मुलाला उष्माघातातही घाम येऊ शकतो.

१३. उन्हातून एकदम स्नो पार्कमध्ये नेले तर सर्द-गरम होऊन मूल आजारी पडेल का?

सर्दी विषाणूंमुळे होते. केवळ तापमान बदलल्याने होत नाही. निरोगी मुलाला अडचण नाही, मात्र घामाने किंवा पाण्याने भिजलेले कपडे आधी बदलावेत, कारण ओल्या कपड्यांत लहान मूल फार लवकर गारठते. दमा असलेल्या मुलाला थंड, कोरड्या हवेने धाप लागू शकते. त्याला न्यायचेच असल्यास इनहेलर खिशात असावा, लॉकरमध्ये नव्हे.

१४. मूल गाडीत झोपले आहे. एसी लावून, काच थोडी खाली करून पाच मिनिटे तिकीट काढून आलो तर?

नाही. इंजिन बंद पडले की उन्हातील गाडीच्या आतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी वाढते आणि काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. तिकिटाच्या रांगेत पाच मिनिटे कधीच पाच राहत नाहीत.

१५. मुलाला सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. वॉटर पार्कला न्यावे का?

सातपुड्याच्या पायथ्याकडील तालुक्यांतून हा प्रश्न येतो आणि इतरत्र छापलेल्या सूचनांत तो सहसा नसतो. सिकल सेल आजार असलेल्या मुलाच्या शरीरातील पाणी कमी झाले, किंवा ते अचानक थंड पाण्यात शिरले, तर तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. फार दमणे हेही एक कारण ठरते. म्हणजे उन्हाळ्यातील वॉटर पार्कमध्ये तिन्ही कारणे एकाच जागी भेटतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नये. त्यांनी परवानगी दिल्यास पाणी थंड नसलेल्या उथळ कुंडात थोडा वेळ खेळवावे, लगेच अंग कोरडे करावे, प्रश्न ७ मधील पाण्याचे वेळापत्रक काटेकोर पाळावे आणि आजाराचे कार्ड जवळ ठेवावे. केवळ वाहक असलेल्या, म्हणजे स्वतःला आजार नसून त्याचे जनुक असलेल्या, मुलाला सर्वसाधारण खेळण्यात सहसा अडचण येत नाही, पण उन्हात पाणी कमी पडू न देण्याचा नियम त्यालाही लागू आहे. आपले मूल वाहक आहे की रुग्ण, याची खात्री नसल्यास सरकारी रुग्णालयातून रक्ततपासणी आधी करून घ्यावी.

१६. दोन दिवसांपूर्वी ताप येऊन गेला. आता ठणठणीत आहे. किंवा सर्दीचे औषध सुरू आहे. चालेल का?

ताप किंवा जुलाब थांबून काही दिवस होईपर्यंत शरीरातील पाण्याची भरपाई झालेली नसते, म्हणून बेत पुढे ढकलावा. सर्दी-खाज यांवरील काही औषधांनी घाम कमी येतो आणि गुंगीही येते. कोणते औषध सुरू आहे ते डॉक्टरांना सांगून विचारावे. जुलाब सुरू असलेल्या मुलाला पाण्यात उतरवणे इतर मुलांवरही अन्याय आहे.

१७. मे अखेरीस दुपारी वळीव आला तर पैसे परत मिळतात का?

ते प्रत्येक पार्कच्या अटींवर अवलंबून असते. तिकिटामागे छापलेले वाचावे. विजा कडाडू लागल्या की उंच आणि पाण्याच्या राइड बंद केल्या जातात. त्यावरून कर्मचाऱ्यांशी वाद घालू नये. पक्क्या इमारतीत थांबावे, झाडाखाली नाही.

१८. गर्दीत मूल हरवले तर?

सकाळीच मुलाचा फोटो मोबाइलवर काढावा, म्हणजे त्या दिवशीचे कपडे त्यात दिसतात. मनगटावर पालकाचा क्रमांक न पुसणाऱ्या शाईने लिहावा. पाण्यात कागदी चिठ्ठी टिकत नाही. हरवल्यास जवळच्या गणवेशातील कर्मचाऱ्याला लगेच सांगावे, दारे आणि पाण्याची कुंडे प्रथम तपासण्यास सांगावे. पार्कबाहेर शोध घ्यावा लागल्यास ११२ आणि बालकांसाठीचा १०९८ हे क्रमांक आहेत.

१९. घरी आल्यावर मुलाला लघवीला जळजळ होते किंवा कान दुखतो. हे कशामुळे?

जळजळीला आपल्याकडे उन्हाळी लागणे म्हणतात आणि बहुधा ती पाणी कमी पडल्याने होते. भरपूर पाणी पाजल्यावर एका दिवसात थांबली नाही, किंवा सोबत ताप असेल, तर जंतुसंसर्गाची शक्यता असल्यामुळे लघवी तपासून घ्यावी. कान दुखणे बहुधा पाणी साचून होते. कानात कोमट तेल घालू नये, काडी फिरवू नये. डॉक्टरांना दाखवावे आणि ते सांगेपर्यंत घरच्या टाकीत डुंबणेही बंद ठेवावे.